विश्लेषण : विशेष सरकारी वकील कोण नेमतो, कोण हटवतो? पनवेलच्या खटल्यातून पुढे आलेले प्रश्न

सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे ११ एप्रिल २०१६ रोजी कळंबोलीतून बेपत्ता झाल्या. त्यांच्या हत्येबद्दल पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर याला पनवेल सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती २१ एप्रिल २०२५ रोजी. मधली नऊ वर्षे आधी तपासासाठी आणि नंतर खटल्यासाठी गेली. मृतदेह अखेरपर्यंत सापडला नाही, आरोपी पोलीस अधिकारी आणि बहुतेक पुरावा परिस्थितीजन्य. अशा खटल्यात तपास अधिकारी आणि न्यायाधीशांइतकाच आणखी एका व्यक्तीवर भार असतो. ती व्यक्ती म्हणजे विशेष सरकारी वकील. या खटल्यात ही जबाबदारी अॅड. प्रदीप घरत यांच्याकडे होती.

पनवेलचा निकाल लागण्याच्या सुमारे महिनाभर आधी, मार्च २०२५ मध्ये, मुंबईतील डॉ. पायल तडवी प्रकरणातून याच घरत यांना राज्य सरकारने एका अधिसूचनेद्वारे दूर केले. एका खटल्यात शेवटपर्यंत बाजू मांडणारा वकील दुसऱ्या खटल्यातून मध्येच बाहेर कसा होतो? या पदाला मुदत असते की नाही? आणि असावी का?

पनवेलमधील खटला नेमका काय होता?

अश्विनी बिद्रे मूळच्या कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यातल्या आळते गावच्या. नवी मुंबई पोलीस दलात नेमणूक असताना त्या पनवेल तालुक्यातील कळंबोलीत राहत होत्या. त्या बेपत्ता झाल्यानंतर गुन्हा दाखल व्हावा म्हणून कुटुंबाला उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. गुन्हा नोंदवला गेला तो जानेवारी २०१७ मध्ये. त्याच महिन्यात, प्रजासत्ताक दिनाच्या यादीत, कुरुंदकरचे नाव राष्ट्रपती पोलीस पदकासाठी आले होते. त्याला अटक झाली डिसेंबर २०१७ मध्ये.

हत्येनंतर मृतदेहाचे तुकडे करून ते वसईच्या खाडीत टाकण्यात आले, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. खाडीत शोध घेऊनही काही हाती लागले नाही. त्यामुळे खून झाला हेच आधी सिद्ध करायचे होते. मोबाइल फोनची ठिकाणे, कॉलचे तपशील, आधीच्या भांडणांचे पुरावे आणि साक्षीदारांचे जबाब यांची साखळी न तुटता न्यायालयापुढे मांडायची होती. ५ एप्रिल २०२५ रोजी न्यायाधीश के. जी. पालदेवार यांनी कुरुंदकरला खुनासाठी, तर कुंदन भंडारी आणि महेश फळणीकर यांना पुरावा नष्ट केल्याबद्दल दोषी ठरवले. चौथा आरोपी राजेश पाटील निर्दोष सुटला. गुन्हा दाखल असलेल्या अधिकाऱ्याचे नाव पदकासाठी पुढे गेलेच कसे, याबद्दल न्यायालयाने नाराजीही व्यक्त केली.

परिस्थितीजन्य पुराव्यावरच्या अशा खटल्यात सरकारी वकील मध्येच बदलणे किती महाग पडू शकते, हे समजून घेतले पाहिजे. कोणता साक्षीदार कधी बोलवायचा, कोणाच्या उलटतपासणीत काय निसटले, कोणता दुवा अजून कच्चा आहे, हे हजारो पानांच्या कागदपत्रांत लिहिलेले नसते. ते वकिलाच्या डोक्यात असते. नवा वकील आला की तो पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागतो.

सरकारी वकील किती प्रकारचे असतात?

सर्वसामान्यपणे ‘सरकारी वकील’ असे एकच नाव घेतले जात असले, तरी त्यात किमान तीन वेगळे गट आहेत.

पहिला गट सहायक सरकारी अभियोक्त्यांचा. ते प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात काम करतात. ते पगारी शासकीय सेवक असतात आणि त्यांची भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते. एके काळी ते पोलीस खात्याच्या नियंत्रणाखाली होते. तपास करणारे आणि खटला चालवणारे एकाच साहेबाच्या हाताखाली असू नयेत, या भूमिकेतून सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात त्यांना पोलीस खात्यापासून वेगळे करण्याचे निर्देश दिले. 

दुसरा गट जिल्हा आणि अतिरिक्त सरकारी वकिलांचा. सत्र न्यायालयातील प्रत्येक खटला सरकारी वकिलानेच चालवावा, असा कायदाच आहे. त्यासाठी किमान सात वर्षे वकिली केलेली व्यक्ती लागते. जिल्हा दंडाधिकारी सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत करून नावांची यादी तयार करतात आणि त्या यादीतून सरकार नेमणूक करते, अशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ मध्ये तरतूद आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २४ याच विषयाचे होते.

तिसरा गट विशेष सरकारी वकिलांचा. एखादा खटला किंवा खटल्यांचा एखादा वर्ग यासाठी सरकार कोणत्याही वकिलाला नेमू शकते. अट एकच. वकिलीचा किमान दहा वर्षांचा अनुभव हवा. येथे न्यायाधीशांशी सल्लामसलत नाही, यादी नाही, परीक्षा नाही. सरकारने अधिसूचना काढली की वकील येतो. मुदत कायद्यात लिहिलेली नसल्याने दुसरी अधिसूचना काढली की तो जातो.

केंद्रीय तपास यंत्रणांचे काय?

राष्ट्रीय तपास यंत्रणा म्हणजे एनआयएच्या २००८ च्या कायद्यात कलम १५ नुसार केंद्र सरकार त्या यंत्रणेसाठी सरकारी वकील नेमते. सीबीआयचा स्वतंत्र अभियोग विभाग आहे. पत्रकार ज्योतिर्मय डे यांची ११ जून २०११ रोजी पवईत हत्या झाली. छोटा राजनला २०१५ मध्ये इंडोनेशियातून भारतात आणल्यानंतर हा खटला सीबीआयकडे गेला. त्यात सरकारची बाजू मांडणारेही घरतच होते. २ मे २०१८ रोजी विशेष न्यायालयाने राजनसह नऊ जणांना जन्मठेप दिली, तर माजी पत्रकार जिग्ना व्होरा यांच्यासह दोघांना निर्दोष सोडले. म्हणजे एकच वकील कधी राज्याच्या, तर कधी केंद्राच्या यंत्रणेच्या बाजूने उभा राहू शकतो.

सीबीआयबाबत एक तरतूद लक्षात घेण्याजोगी आहे. लोकपाल कायद्यामुळे सीबीआयच्या मूळ कायद्यात बदल झाला आणि अभियोग संचालकाची नेमणूक केंद्रीय दक्षता आयोगाच्या शिफारशीवरून करण्याचे, त्याला किमान दोन वर्षांचा कार्यकाळ देण्याचे ठरले. पण हे संरक्षण दिल्लीतील कार्यालयात बसणाऱ्या संचालकाला आहे. न्यायालयात उभे राहून साक्षीदार तपासणाऱ्या विशेष वकिलाला ते नाही.

वकील मध्येच हटवल्याची उदाहरणे कोणती?

महाराष्ट्रातील तीन प्रकरणे या संदर्भात वारंवार निघतात.

पहिले ख्वाजा युनूस प्रकरण. मूळचा परभणीचा हा संगणक अभियंता घाटकोपर स्फोटाच्या तपासात पोलिसांच्या ताब्यात असताना जानेवारी २००३ मध्ये मरण पावला. गुन्हे अन्वेषण विभागाने १४ पोलिसांवर ठपका ठेवला, मात्र सरकारने चौघांवरच खटला चालवायला परवानगी दिली. खटल्याचे कामकाज प्रत्यक्ष सुरू व्हायलाच १४ वर्षे लागली. २०१८ च्या सुरुवातीला एका साक्षीदाराने आणखी चार पोलीस अधिकाऱ्यांची नावे घेतली. विशेष सरकारी वकील धीरज मिराजकर यांनी त्या चौघांना आरोपी करावे, असा अर्ज न्यायालयात दिला. त्यानंतर काही महिन्यांतच, एप्रिल २०१८ मध्ये, मिराजकर यांची नेमणूक रद्द झाली. युनूसच्या आईने त्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. नवा विशेष वकील मिळाला तो २०२२ मध्ये, आणि ते होते प्रदीप घरत.

दुसरे प्रकरण २००८ च्या मालेगाव बॉम्बस्फोटाचे. त्यातील विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी जून २०१५ मध्ये एका इंग्रजी दैनिकाला मुलाखत दिली. आरोपींबाबत मवाळ भूमिका घ्यावी, असा निरोप एनआयएच्या एका अधिकाऱ्याने आपल्याला दिला आणि पुढे आपल्याऐवजी दुसरा वकील येणार असल्याचे सांगितले, असा त्यांचा आरोप होता. एनआयएने तो फेटाळला. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने या खटल्यातील सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. वकील बदलला नसता तर निकाल वेगळा लागला असता, असे म्हणायला आधार नाही. पण आरोप झाला त्या वेळी त्याची शहानिशा करण्यासाठी सरकारबाहेरचे कोणतेही व्यासपीठ उपलब्ध नव्हते, हेही खरे.

तिसरे प्रकरण डॉ. पायल तडवी यांचे. जळगाव जिल्ह्यातील तडवी भिल्ल समाजातून आलेल्या या पदव्युत्तर विद्यार्थिनीने मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात आत्महत्या केली. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ डॉक्टरांवर खटला सुरू आहे. विभागाच्या तत्कालीन प्रमुखांनाही आरोपी करावे, असा अर्ज घरत यांनी केला आणि फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस विशेष न्यायालयाने तो मान्य केला. पुढच्याच महिन्यात सरकारने त्यांची नेमणूक रद्द करून दुसरा वकील नेमला. पायल यांच्या आईने या निर्णयाला उच्च न्यायालयात आव्हान दिले.

यातील पहिल्या आणि तिसऱ्या प्रकरणात घटनांचा क्रम सारखा आहे. आधी आरोपींची यादी वाढवण्याचा अर्ज, मग वकिलाची गच्छंती. एकामुळेच दुसरे घडले, असे या क्रमावरून सिद्ध होत नाही. मात्र अधिसूचनेत कारण देण्याची सक्ती नसल्याने संशयाला जागा राहते, आणि ती पीडितांच्या कुटुंबाच्या मनात सर्वात मोठी असते.

सरकारने नेमला, सरकारनेच हटवला; मग अडचण काय?

सरकारची बाजूही समजून घ्यायला हवी. वकिलाचे काम समाधानकारक नसेल, हितसंबंधांचा प्रश्न आला असेल किंवा तो तारखांना हजर राहत नसेल, तर त्याला बदलण्याचा अधिकार सरकारकडे असलाच पाहिजे. विशेष सरकारी वकील हा नोकर नसून व्यावसायिक म्हणून नेमलेला असतो. त्याला आयुष्यभराची हमी कोणी देऊ शकत नाही.

पण त्याचे अशील कोण, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. खासगी वकील अशिलाच्या सूचनेप्रमाणे वागतो. सरकारी वकील मात्र सत्तेवरच्या सरकारचा किंवा पोलिसांचा वकील नसतो, तो न्यायालयाचा अधिकारीही असतो. आरोपीच्या बाजूचा पुरावा हाती असेल तर तो दडवायचा नाही, आणि पुराव्यात नवे नाव आले तर ते न्यायालयापुढे मांडायचे, अशी त्याच्याकडून अपेक्षा असते. खटला मागे घेण्यासाठी अर्ज करायचा असेल, तरी तो निर्णय वकिलाने स्वतःच्या बुद्धीने घ्यावा लागतो आणि न्यायालयाची संमती मिळवावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये श्रीलेखा विद्यार्थी प्रकरणात याच मुद्द्यावर बोट ठेवले होते. उत्तर प्रदेश सरकारने राज्यातील सर्व जिल्हा सरकारी वकिलांना एका आदेशाने घरी पाठवले होते. हे पद केवळ खासगी कराराचे नाही, त्याला सार्वजनिक स्वरूप आहे, त्यामुळे सरकार मनमानी करू शकत नाही, समानतेचे कलम १४ येथेही लागू होते, असे सांगत न्यायालयाने तो आदेश रद्द केला. म्हणजे हटवण्याचा अधिकार आहे, पण तो कारणाशिवाय वापरता येत नाही. प्रत्यक्षात हे तत्त्व लागू करून घ्यायचे तर कोणाला तरी उच्च न्यायालयात जावे लागते. बहुतेक वेळा ते पीडिताच्या आई-वडिलांच्या वाट्याला येते.

इतर पदांना मुदत आहे, मग या पदाला का नाही?

न्यायाधीशाला सरकार मनात आले म्हणून हटवू शकत नाही. सीबीआयच्या संचालकाला दोन वर्षांचा कार्यकाळ मिळतो. राज्याच्या पोलीस महासंचालकाला किमान दोन वर्षे मिळावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह प्रकरणात बजावले. तपास करणाऱ्याला आणि निकाल देणाऱ्याला असे थोडेफार कवच आहे. तपास निकालापर्यंत पोहोचवणारा मधला माणूस मात्र उघड्यावर आहे.

अमेरिकेत काय होते, हे येथे पाहण्यासारखे आहे. तेथे केंद्रीय गुन्ह्यांचे खटले ९३ ‘यूएस अॅटर्नी’ चालवतात. अध्यक्ष त्यांची निवड करतात, सिनेटची मंजुरी लागते आणि मुदत चार वर्षांची असते. पण अध्यक्ष त्यांना कधीही काढू शकतात. पंजाबमधील फिरोजपूर येथे जन्मलेले प्रीत भरारा न्यूयॉर्कमध्ये या पदावर होते. राजीनामा देण्यास नकार दिल्यावर ११ मार्च २०१७ रोजी त्यांना काढण्यात आले. त्यांच्या जागी आलेले जेफ्री बर्मन यांनाही जून २०२० मध्ये असेच जावे लागले. मात्र दोन्ही वेळा त्या कार्यालयातील नोकरीत असलेले वकील तेच राहिले आणि खटले चालू राहिले. आपल्याकडच्या विशेष सरकारी वकिलामागे असे कार्यालय नसते. तो एकटा असतो. तो गेला की खटल्याची स्मृतीच जाते.

नामांकित वकिलांमुळे प्रश्न सुटतो का?

एखादी क्रूर घटना घडली की महाराष्ट्रात पहिली मागणी असते फाशीची आणि दुसरी उज्ज्वल निकम यांच्या नेमणुकीची. जळगावच्या निकम यांनी १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा आणि २६/११ च्या हल्ल्यातील अजमल कसाबचा खटला चालवला. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मे २०२४ मध्ये त्यांनी भाजपच्या तिकिटावर उत्तर मध्य मुंबईतून लोकसभा निवडणूक लढवली, काँग्रेसच्या वर्षा गायकवाड यांच्याकडून ते पराभूत झाले आणि पुढच्याच महिन्यात त्यांची पुन्हा विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली. त्यावर विरोधकांनी टीका केली. जुलै २०२५ मध्ये ते राज्यसभेवर नामनियुक्त झाले.

या प्रवासाचा निकम यांच्या वकिली कौशल्याशी संबंध नाही, प्रश्न व्यवस्थेचा आहे. एखाद्या पक्षाच्या उमेदवाराला विशेष सरकारी वकील नेमावे की नाही, राजकारणात गेलेल्याने किती काळ थांबावे, याबद्दल कायदा काहीच सांगत नाही. 

नामांकित नाव म्हणजे निकालाची हमी, हेही खरे नाही. घरत यांनीच चालवलेल्या सलमान खानच्या अपघात प्रकरणात सत्र न्यायालयाने ६ मे २०१५ रोजी पाच वर्षांची शिक्षा दिली आणि १० डिसेंबर २०१५ रोजी उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. शिवाय विशेष वकील ही अपवादाची सोय आहे. विनंती आली की यंत्रवत नेमणूक करू नये, प्रत्येक वेळी गरज तपासावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच मुकुल दलाल प्रकरणात म्हटले होते. ज्यांच्यासाठी मोर्चे निघत नाहीत, अशा हजारो खटल्यांचा भार नेहमीच्या सरकारी वकिलांवरच असतो.

पीडितांच्या कुटुंबाच्या हातात काय आहे?

विशेष सरकारी वकील नेमण्याची मागणी सरकारकडे लेखी करता येते, मात्र ती मान्य करणे बंधनकारक नाही. आपला खासगी वकील सरकारी वकिलाच्या मदतीला देता येतो. ही तरतूद २००९ पासून कायद्यात आहे आणि नव्या संहितेतही कायम आहे. पण तो वकील खटला स्वतंत्रपणे चालवू शकत नाही, न्यायालयाच्या परवानगीने साहाय्य करतो. खटला मागे घेण्याचा अर्ज आला तर पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय न्यायालयाने परवानगी देऊ नये, असे नवी संहिता सांगते. आरोपी सुटला किंवा सौम्य गुन्ह्यासाठीच दोषी ठरला, तर पीडिताला अपील करता येते. 

म्हणजे खटला मागे घेताना पीडिताला विचारावे लागते, खटला चालवणारा वकील काढून घेताना मात्र विचारावे लागत नाही. अनेकदा दोन्हींचा परिणाम सारखाच होऊ शकतो.

पुढे काय करता येईल?

त्यासाठी मोठा कायदा लागणार नाही. विशेष सरकारी वकिलाची नेमणूक खटल्याचा निकाल लागेपर्यंत आहे, असे अधिसूचनेतच लिहिता येईल. त्याला मध्येच बदलायचे असेल तर लेखी कारण देणे आणि ते खटला चालवणाऱ्या न्यायाधीशांपुढे ठेवणे सक्तीचे करता येईल. पीडिताच्या कुटुंबाला किमान आधी कळवता येईल. जुन्या वकिलाने नव्याकडे कागदपत्रे आणि टिपणे सोपवेपर्यंत साक्षी थांबवू नयेत किंवा घाईने उरकू नयेत, यासाठी हस्तांतराचे नियम करता येतील. विधी अधिकाऱ्यांच्या नेमणुका आणि मानधनाबाबत राज्याचे १९८४ चे नियम आहेत. त्यांत दुरुस्ती करण्यासाठी संसदेची वाट पाहावी लागणार नाही.

पनवेलच्या खटल्यात मृतदेहाशिवाय खून सिद्ध झाला, तोही पदकासाठी नाव गेलेल्या पोलीस अधिकाऱ्याविरुद्ध. हे घडायला नऊ वर्षे लागली. इतक्या वर्षांत सरकारे बदलली, अधिकारी बदलले. अशा खटल्यात सरकारी वकील टिकणे हा सध्याच्या नियमांनुसार हक्क नाही, ती सरकारची मर्जी आहे. कळंबोलीतील कुटुंबाला जे मिळाले ते परभणीच्या आणि जळगावच्या कुटुंबालाही मिळेल का, हे सध्या तरी कायद्यापेक्षा मंत्रालयातून निघणाऱ्या कागदावर अवलंबून आहे.